गिरणीचं पीठ

तिने पिटुकलीच्या तोंडात बोट घातलं आणि टाळूला चिकटलेला करडा लगदा खरवडून काढला. पिटुकली चावली नाही, रडलीही नाही. खेळ अर्ध्यावर मोडल्याचा राग तेवढा तिच्या डोळ्यांत होता. गॅलरीत भातुकली मांडलेली होती. कठड्यावर साचलेलं ओंजळीने गोळा करून, पाणी घालून लेकीने छान मळलं होतं. एक गोळा बाहुलीला भरवला होता, दुसरा स्वतः खाल्ला होता.

"काय खाल्लंस गं?"

"पीठ," पिटुकली म्हणाली. "बाबांच्या गिरणीचं."

वसाहतीत वीजकेंद्राला सगळे गिरणीच म्हणत. कोळसा जळून चिमणीतून जे उडे आणि खिडक्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, दुधाच्या सायीवरसुद्धा येऊन बसे, ते पीठ. शब्द सासऱ्यांचा. उमेदीची सगळी वर्षं बॉयलरपुढे घालवलेल्या त्या माणसाने कधीतरी गमतीत म्हटलं होतं, गिरणीवाल्याच्या अंगाला पीठ लागायचंच. वसाहतीने ते उचललं. सकाळी फडकं मारताना बायका एकमेकींना विचारत, "आज तुमच्याकडे बारीक पडलंय की जाडसर?"

"एवढंसं पोटात गेलं तर काही होत नाही," सासरे दारातून म्हणाले. "आम्ही काय कमी खाल्लंय? पीठ म्हटलं की उतरतं घशाखाली."

"उतरलंच की, बाबा."

सासरे काही म्हणणार होते, पण खोकल्याची उबळ आली, तसे आत गेले.

नवरा उंबऱ्याशी बसून बुटाची नाडी बांधत होता.

"दुपारी सुनावणीला येतेय मी," ती म्हणाली.

"ये की. सगळ्यांनाच बोलावलंय. मागे बस आणि टाळ्या वाजव."

"बोलणार आहे."

नाडी त्याच्या हातात तशीच राहिली. जुनं युनिट यंदा बंद व्हायचं होतं. कंपनीला ते आणखी दहा वर्षं चालवायचं होतं. त्याची नोकरी त्याच युनिटवर होती.

"बोलू नकोस. ते बंद झालं तर खायचं काय आपण?"

तिने लेकीची हनुवटी धरून तिचं तोंड त्याच्याकडे वळवलं. दातांच्या फटींत अजून करडं होतं.

"सध्या काय खातोय ते बघ."

तो चहा न घेताच निघून गेला.

शाळेच्या सभागृहात एका बाजूला गणवेशातले कामगार, दुसऱ्या बाजूला बायका. समोर सुनावणी घेणारे अधिकारी, त्यांचा कारकून आणि कंपनीचे व्यवस्थापक. कोळशाचे दिवस भरले असं म्हणणाऱ्यांच्या घरातले दिवेही कोळशावरच लागतात, असं व्यवस्थापक म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मग ती पिटुकलीला कडेवर घेऊन उभी राहिली.

"आमच्याकडे राख पडते."

भरल्या घरात कुणी अभद्र बोलावं तशी चुळबुळ झाली. कारकुनाने अधिकाऱ्यांकडे पाहिलं.

"धूळ लिहू का, साहेब?"

"राख लिहा," ती म्हणाली.

"ताई, तुम्हीच तर तिला प्रेमाने पीठ म्हणता," व्यवस्थापक हसत म्हणाले. सभागृहही हसलं.

हसू ओसरेपर्यंत ती थांबली.

"म्हणत होतो. आज माझ्या मुलीने ते मळून खाल्लं. पीठ म्हणून खाल्लं. तिची काय चूक? आम्हीच तिला शिकवलं. आता तिला दुसरा शब्द शिकवायचाय, तर तो तुमच्या कागदावरही असू दे. राख. आणि दहा वर्षं मागताय, तर तिच्या वयात ती मिळवून बघा."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. कारकुनाने लिहिलं.

"तुमचे मिस्टर कुठे असतात, ताई?" व्यवस्थापकांनी अगदी मायेने विचारलं.

"तुमच्याकडेच. ह्याच युनिटच्या बॉयलरवर." कामगारांच्या रांगांकडे तिने पाहिलं नाही. "त्यांनी मला बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं. हवं तर तेही लिहा."

ती मागे वळली. तिच्या जागेवर शेजारणीने पर्स ठेवली होती आणि शेजारीण छताचा पंखा बघत होती. पिटुकली कडेवर जड झाली होती. ती रांगांमधल्या वाटेत तशीच उभी राहिली.

"सरक रे जरा," कामगारांच्या बाजूने आवाज आला.

नवरा शेजाऱ्याला कोपराने ढकलत होता. बाकावर जागा झाली. ती जाऊन बसली, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त लेकीला आपल्याकडे घेतलं.

"लिहिलं त्याने?"

"लिहिलं."

"राखच?"

"राखच."

"आणखी कुणाला बोलायचंय?" समोरून विचारणा झाली. व्यवस्थापक त्यांच्याच रांगेकडे बघत होते.

त्याने पिटुकलीला अलगद तिच्या मांडीवर ठेवलं आणि गणवेशाचं वरचं बटण लावलं.