ऐकण्यात आलेलं नाही

नैवेद्याच्या वाटीतल्या दुधावर साय धरली होती, सायीला एक सुरकुती पडली होती, आणि मीनाक्षी मघापासून त्या सुरकुतीकडेच बघत होती. नेम व्हायचा होता अजून. पूजा आटोपली की तिच्या साइटवर लोकांनी चढवलेल्या कीर्तनांतलं एक डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचं, ते पहिल्या पानावर सगळ्यांत वर ठेवायचं – देवाला फूल वाहावं तसं – आणि मगच तोंडात काही घालायचं. आज दुपार होत आली तरी कानाला काही लागलं नव्हतं. कानाला होता तो फोन. फोनवर साकेत, बहिणीचा मुलगा, गुरगावात वकील.

"मावशी, वासंतीताईंनी चढवलेलं ते कीर्तन कंपनीच्या कॅसेटवरचं आहे. म्हणून कंपनीने तुझ्या साइटला नोटीस धाडली."

"त्यांच्या सासऱ्यांनी विकत आणलेली कॅसेट आहे रे ती."

"कॅसेट त्यांची, कीर्तन नाही. अच्छा, ते सोड. लोक काय चढवतात ते आपल्याला माहीत नसेल, तर कायदा सांभाळून घेतो. पण तू तर निवडून वर ठेवतेस! यार मावशी, चोरीचा माल लोक लपवतात, तू देव्हाऱ्यात मांडलास."

तिला हसू आलं, आणि आलं म्हणूनच भीती वाटली.

"आता नीट आठव. कॅसेटच्या सुरुवातीलाच एक बाई बोलते – कंपनीचं नाव, सर्व हक्क राखून. ते ऐकलं होतंस? नसशील, तर तसं लिहून ठेवलंय, संध्याकाळपर्यंत सही कर. ऐकलं असशील तर... साइट वाचवणं कठीण आहे."

साइट म्हणजे कुणाचे गेलेले वडील, कुणाची आजी, कुणाच्या गावच्या देवळातली रात्र. सगळे आवाज एकदम बंद.

तिने साकेतचा मजकूर उघडला. 'सदर घोषणा आमच्या ऐकण्यात आलेली नाही.' असं कसं? मी ऐकलं. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मी पाणीसुद्धा... मग ती बाई कुठे गेली? ते कीर्तन ऐकलं त्या सकाळचं आठवत होतं ते एवढंच – कुकरची शिट्टी, खाली भंगारवाल्याची हाक, सुनेने पुन्हा डबा नेला नाही याचा राग, डोळे मिटून, हात जोडून केलेला. बाई नाही. कीर्तनातलीही एक ओळ नाही. म्हणजे सही खरीच होईल? आणि सही खरी, तर नेम – इतक्या वर्षांचा नेम – तो काय होता? की नेम खराच होता, आणि सुटायचं म्हणून मन आत्ता विसरतंय... कुणाला विचारायचं हे? साकेतला?

"मावशी? आहेस ना?"

"आहे. नेम राहिलाय. करते मग."

फोन ठेवून तिने आजचं कीर्तन लावलं. कुणीतरी खाकरलं, आणि ती ताठ झाली. हे कुठून घेतलंय? कोण आहे हा? पेटीचा सूर, मागे सरकवलेली खुर्ची, लांब कुठेतरी रडणारं तान्हं मूल, बुवांनी शब्दाच्या मध्येच घेतलेला श्वास – एकेक गोष्ट कान उचलत होता, पारखत होता. इतकं लख्ख तिने आजवर काहीच ऐकलं नव्हतं. आणि देव मात्र त्यात कुठेच लागत नव्हता.