मी न पाहिलेला सोमवार

मी एक जुना पिट्ठू आहे. पिट्ठू म्हणजे सैनिकाच्या पाठीवरची पिशवी. मित्रांनो, माझ्या हिरव्या कॅनव्हासचा रंग आता उडाला आहे, खालच्या कोपऱ्याला ठिगळ आहे आणि उजव्या पट्ट्यावर ओळीने सात रिकामी भोकं आहेत. ती भोकं कशाची, हे सांगायलाच आज मी तोंड उघडलं आहे. एरवी ते दोन बकलांनी बंद असतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शंभरेक भावंडांबरोबर मी कोठारात आलो. तिथल्या कारकुनाने माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात क्रमांक घातला आणि क्रमांकाच्या आधी एक अक्षर रंगवलं, 'रा'. शेजारच्या पिट्ठूच्या पोटावर ते नव्हतं. मला वाटलं, माझं काहीतरी खास आहे! नंतर कळलं, 'रा' म्हणजे राखीव. राखीव दलातली माणसं एरवी आपापली कामं करतात आणि महिन्यातून एकदा शनिवार-रविवार छावणीत सरावाला जातात. म्हणजे देवाने मला दोन दिवसांचा शिपाई केलं आणि उरलेल्या दिवसांचा माळ्यावरचा पाहुणा.

मी ज्यांच्या पाठीवर गेलो त्या ताई बसच्या आगारात मेकॅनिक होत्या. हातात कायम पाना, म्हणून सगळे त्यांना 'पाना' म्हणत. छावणीतही त्या ट्रकच दुरुस्त करायच्या. घरी त्या आणि त्यांचे बाबा, दोघंच. बाबा शिंपी. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं मशीन होतं आणि पायडल मारताना ते देवाचं नाव असं गुणगुणत, की सुईसुद्धा ताल धरी.

शिवण पुरी झाली की बाबांचं एक ठरलेलं काम असे. कापड कुठल्याही रंगाचं असो, आतल्या बाजूला ते निळ्या दोऱ्याचा एकच टाका घालत. गिऱ्हाइकाला तो दिसत नसे. मग कशाला घालायचा? तर ते म्हणत, "दिसायला नाही घालत. हे काम माझं आहे, असं वरच्याला सांगायला घालतो."

अशी आठ वर्षं गेली. दर वेळी रविवारी चार वाजता ताई माझी बकलं लावायच्या आणि साडेचारच्या बसने आम्ही परतायचो. बसस्टॉपवर बाबा उभे असायचे. मला ताईंच्या पाठीवरून ओढून घेत म्हणायचे, "आण इकडं. शिपाईगिरी संपली, आता भाजी चिर."

माझी तक्रार नव्हती, पण कुतूहल मात्र पोटात मावत नव्हतं. छावणीतला सोमवार कसा असतो? आम्ही गेल्यावर तिथे काय चालतं? 'रा' नसलेले ते पिट्ठू काय काय बघत असतील?

हेच कुतूहल ताईंनाही आहे, हे मला एका संध्याकाळी जेवताना कळलं.

"बाबा, मी पूर्णवेळ सैन्यात जायचं म्हणतेय."

बाबांचा घास हातातच राहिला. "का? दोन दिवस पुरत नाहीत?"

"शनिवारी मी इंजिन उघडते. रविवारी झाकण ठेवून निघून येते. सोमवारी ते दुसराच कुणीतरी सुरू करतो. आठ वर्षांत मी उघडलेलं एकही इंजिन चालू झालेलं मी ऐकलं नाही हो."

"आगारातल्या बस चालू होतात की!"

"बाबा."

"बरं बाई, गप्प बसतो." आणि ते खरंच गप्प बसले. चार दिवस मशीनवर गुणगुणणंसुद्धा बंद.

पूर्णवेळ सेवेसाठी एक परीक्षा होती. वीस किलोचा पिट्ठू घेऊन बारा किलोमीटर, वेळेत. वाटेत पट्टा तुटला, ओझं हातात घ्यावं लागलं, की बाद. पुढच्या महिन्यात ताईंचं वय मर्यादेपलीकडे जाणार होतं, म्हणजे संधी ही एकच. आणि नेमका तीन दिवस आधी माझा उजवा पट्टा मुळापासून उसवला. वाटलं, धरणीने पोटात घ्यावं!

"ठेव, मी शिवतो," बाबा एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आगारात असताना त्यांनी मला मांडीवर घेतलं. मित्रांनो, मी जाड कॅनव्हासचा. मला शिवायला दाभण लागतो आणि मेण लावलेला दोरा. बाबांनी शर्टाची सुई घेतली आणि शर्टाचाच दोरा. सात टाके, लांब लांब. वरून पट्टा जागच्या जागी दिसत होता. पण मला माझं ठाऊक ना! हे सात टाके चार किलोमीटरसुद्धा टिकणार नव्हते. मी जीव तोडून ओरडावं म्हटलं, पण पिशवीचं कोण ऐकणार?

बाबांचा हात सवयीने निळ्या दोऱ्याकडे गेला. त्यांनी सुई ओवली. पट्टा उलटा केला. आणि हात तिथेच थांबला.

किती वेळ थांबला कोण जाणे. बाहेर गिऱ्हाईक दोनदा हाक मारून गेलं. मग बाबा हळूच पुटपुटले, "हे माझं, असं तुला कोणत्या तोंडानं सांगू रे?" हे माझ्याशी नव्हतं, हे मला कळलं.

त्यांनी कात्री घेतली आणि सातही टाके उसवले. फळीवरून दाभण काढला, दोऱ्याला मेण चोळलं आणि जुन्या भोकांशेजारी टोचायला सुरुवात केली. दुहेरी दोरा, उलटी टीप, एकेक टाका ओढताना "हूं" असा हुंकार. अंगठ्याला रक्त आलं तरी थांबले नाहीत. शेवटी आत तो निळा टाका पडला आणि खोलीत पुन्हा गुणगुण सुरू झाली.

परीक्षेच्या दिवशी नवव्या किलोमीटरला पट्टा करकरला. परीक्षेलाच आलेला छावणीतला एक स्वयंपाकी शेजारून चालत होता, तो धापा टाकत म्हणाला, "पाना, तुझा पट्टा रडतोय बघ."

"रडू दे. बाबांनी शिवलाय, तुटायचा नाही."

आणि तो तुटला नाही. आम्ही वेळेच्या तीन मिनिटं आधी पोहोचलो. त्या महिन्यातच कोठारातल्या कारकुनाने रॉकेलच्या बोळ्याने माझ्या पोटावरचं 'रा' पुसलं. गुदगुल्या झाल्या.

आम्ही छावणीत राहायला गेलो. ताईंनी मिळालेल्या पहिल्याच ट्रकचं इंजिन उघडलं. पहिला रविवार आला. चार वाजले. ताईंनी कपडे घड्या घालून माझ्यात भरले, बकलं लावली, मला पाठीवर टाकलं आणि आम्ही थेट फाटकापाशी!

पहारेकरी बघतच राहिला. "ताई, कुठं निघालात?"

"साडेचारची बस..." ताई थबकल्या. "अगं बाई!"

पहारेकरी पोट धरून हसला. "राखीवमधून आलेलं प्रत्येक माणूस पहिल्या रविवारी इथं येतं बघा. सामानासकट!"

ताईंनी हसत हसत घरी फोन लावला. "बाबा, काय वेडेपणा केला माहितेय? कुठं आहात तुम्ही?"

पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता. बाबा जरा अडखळले. "बसस्टॉपवर."

"कशाला?"

"रविवार ना आज. पाय आले आपोआप."

दोघंही हसले. ताई माझ्या पट्ट्यावरून बोट फिरवत होत्या. मेकॅनिकचं बोट ते, त्याच्यापासून काय लपणार?

"बाबा, पट्ट्याला सात रिकामी भोकं आहेत."



"आधी चुकीचा दोरा घेतला होता, पोरी."

"मग?"

"मग उसवला."

ताईंनी पट्टा गालाला लावला. "पुढच्या महिन्यात सुट्टीवर येते. भाजी चिरायला."

"ये. पिशवी घ्यायला मी येतोच."

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी उजाडला तो सोमवार! भोंगा रोजच्यासारखाच वाजला, चहाही तसाच पाणचट होता. मी कार्यशाळेत खुंटीवर टांगलेला होतो. ताईंनी शेवटचा बोल्ट आवळला, ट्रकमध्ये चढून किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर सोडला आणि धडधडू लागलं. ताई खाली उतरल्या, डोळे मिटले आणि कीर्तन ऐकावं तशा ते ऐकत उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. मला आणि माझ्या जातभाईंना ओलं कोंबून ठेवू नका, कोरड्या खुंटीला टांगा. आणि तुमच्या दप्तराचा पट्टा कुणी शिवून दिला, तर तो तसाच खांद्यावर टाकून पळू नका. एकदा उलटा करून बघा. निळा टाका कदाचित नसेल. पण दोन-चार रिकामी भोकं दिसली, तर शिवणाऱ्याला रागावू नका. त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ बसा.