चिंगीच्या गालातला मणी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. त्याला कारणही तसंच आहे. कारखान्यात मला गोल आकार दिला, झाकणावर बिस्किटांचं छान चित्र छापलं आणि पोटात बिस्किटं भरून दुकानात पाठवलं. बिस्किटं दोन दिवसांत संपली. चित्र मात्र राहिलं. तेव्हापासून जो कोणी मला उघडतो तो आशेने उघडतो, आत डोकावतो आणि मग माझ्याकडे असं बघतो, जणू मीच ती खाऊन बसलोय. वर्षानुवर्षं हे सोसलं की कुणाचाही हात जवळ आला तरी वाटतं, याला नक्की हवंय तरी काय?

पुढे बरीच वर्षं मी एका शिंपीणबाईंच्या शिलाई यंत्राशेजारी बटणं सांभाळत काढली. त्यांना सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा त्यांनी मला आपल्या मुलीकडे दिलं. ही मुलगी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायची. मुलं तिला मावशी म्हणत. तिने माझ्यातली बटणं काढून रंगीत मणी भरले आणि मला भिंतीवरच्या फळीवर ठेवलं. तिथून सगळी खोली दिसायची.

मुलं फार नव्हती, पण एकाच्या वयाला दुसऱ्याचं वय जुळत नव्हतं. सगळ्यात लहान चिंगी. ती नुकतीच धरून धरून उभी राहायला लागली होती. मग जुळे भाऊ, ज्यांना खळ चिकटवण्यापेक्षा चाखण्यात जास्त रस. मग मुंगी. ती चार वर्षांची, अगदी कमी बोलणारी, हातात सतत काहीतरी घेऊन चालणारी. म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. आणि शाळा सुटल्यावर येणारी ताई, वय वर्षं आठ, जीभ मात्र आजीबाईची.

एवढ्या वेगवेगळ्या वयांच्या पोरांना एका कामाला बसवणं सोपं नसतं. मावशीला ते जमायचं. समजा, कागदाचं झाड करायचं असलं, तर चिंगीने नुसता कागद फाडायचा, जुळ्यांनी ते तुकडे चिकटवायचे, मुंगीने पिठाच्या रंगीत गोळ्याची फळं वळायची आणि ताईने कात्रीने खोड कापायचं. शेवटी झाड सगळ्यांचंच व्हायचं. मणी मात्र चिंगी झोपल्यावरच निघत. मला खाली उतरवताना मावशी रोज तेच बजावायची, "बाळाच्या हाती मणी लागू देऊ नका. घशात अडकला तर काय करायचं?" काम झालं की ती स्वतः खोली झाडायची आणि माझं झाकण दाबून मला वर ठेवायची. घरातले आणि पोरांना न्यायला येणारे सगळे माझी तारीफ करत. डबा म्हणजे डबा, असं झाकण आता मिळत नाही, म्हणत. मी तारीफ ऐकायचो आणि विचार करायचो, ही इतकी तारीफ कशासाठी?

एके संध्याकाळी चिंगीची आई तिला न्यायला आली. ती नर्स होती. कामावरून थेट यायची, तशीच पांढऱ्या कपड्यांत. दारातच तिने चिंगीचा पापा घेतला आणि थांबली. तिने बोट घालून चिंगीच्या गालातून हिरवा मणी बाहेर काढला.

"मावशी, हा कुठून आला?"

मावशीचा चेहरा उतरला. "डबा तर वर असतो. मी स्वतः झाडते."

"झाडता ना? मग हा काय तिने घरून आणला?" ती आवाज न चढवता बोलली, म्हणूनच ते जास्त लागलं. "मी दवाखान्यात अशी बाळं बघितली आहेत, मावशी. सगळी घरी परत जात नाहीत."

दुसऱ्या दिवशी चिंगी आली नाही.

मावशीने मला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. मग फळीवरून काढून कपाटाच्या माथ्यावर ठेवलं आणि सुतळीने आवळून गाठ मारली. आता मला उघडायचं तर ती गाठ तिलाच सोडवावी लागणार होती. मी अंधाऱ्या माथ्यावरून खोलीवर नजर ठेवून बसलो. जुळे भाऊ गाल फुगवून फिरताना दिसले की मला वाटे, मणी यांच्याच तोंडात आहेत. मावशीचा नवरा खुर्चीवर चढून दिवा बदलायला आला, तेव्हा मी त्याच्या हातांकडेच बघत होतो. एकदा तर मला माझीच शंका आली. माझ्या तळाला भोक तर पडलं नाही ना?

चिंगीच्या आईला दुसरी सोय मिळेना. थोड्या दिवसांनी ती चिंगीला परत सोडून गेली, पण आता तिचं सोडून जाणं वेगळं होतं. कधीही, न सांगता येई आणि खिडकीबाहेर उभी राहून आत बघे. मावशीला ते कळायचं. ती पोरांशी हसून बोलता बोलता मधेच खिडकीकडे बघायची. आपल्याच घरात तिला चोरासारखं वाटायला लागलं होतं.

आणि मग चिंगीच्या मुठीत निळा मणी सापडला. या वेळी तो मावशीलाच सापडला. तिने धावत येऊन कपाटाच्या माथ्यावर हात घातला. सुतळी होती तशी, गाठ होती तशी. मला कुणी हात लावला नव्हता. मग मणी येतात कुठून?

माणसाचं मन शंकेने पोखरलं की ते जवळच्यावरच उलटतं. त्या दुपारी ताई शाळेतून आली. हातपाय धुवायला आत गेली, तेव्हा मावशीने तिचं दप्तर उघडलं. सकाळच्या गारव्यासाठी घातलेल्या आणि आता खुंटीवर टांगलेल्या तिच्या स्वेटरचे खिसे उलटे केले. एका खिशात खोडरबर होता, दुसऱ्यात एक चॉकलेटचा कागद. ताई दारात उभी राहून बघत होती.

"काय हवं होतं?" तिने विचारलं.

"काही नाही गं. मणी सापडतायत ना खोलीत, म्हणून."

"मग मला विचारायचं. मी बोलते की नाही?"

ताईने स्वेटर उचलून अंगात घातला, उकाडा असूनही, आणि भिंतीकडे तोंड करून अभ्यासाला बसली. त्या दिवशी तिने कात्रीला हात लावला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिला न्यायला येणारे आजोबा एवढंच म्हणाले, "बाई, पोर तुमच्याकडे ठेवतो ती विश्वासाने. तो दोन्हीकडून असावा लागतो." मावशी मान खाली घालून उभी राहिली. मला मात्र खरं सांगायचं तर ताईचाच संशय होता. नाहीतर उकाड्यात स्वेटर अंगात का घातला, असं मी मनात म्हणत होतो.

त्यानंतरची गोष्ट. मुलं ज्यावर काम करत त्या बसक्या टेबलाखाली चिंगी रांगत शिरली. एरवी मावशी तिला पाय धरून बाहेर ओढायची. त्या दिवशी ती थकली होती, की तिला काही सुचलं, कोण जाणे. ती स्वतःच गुडघे टेकून मागोमाग आत शिरली आणि पाठीवर पडली. मग बराच वेळ तिचे नुसते पाय बाहेर दिसत होते. हलेनात. मला भीती वाटली.

टेबलाची खालची बाजू पिठाच्या गोळ्यांनी भरलेली होती. प्रत्येक गोळ्यात मणी दाबून बसवलेले. जुने गोळे वाळून तडकले होते आणि त्यांतले मणी सुटून खाली पडत होते, जमीन झाडून झाल्यावर, अगदी चिंगीच्या पुढ्यात. हे सगळं मला नंतर मावशीच्या बोलण्यातून कळलं. तेव्हा मला दिसली ती मुंगी. ती हातातलं काम ठेवून उठली, टेबलाखाली गेली आणि मावशीशेजारी आडवी झाली.

"हे तू केलंस?" मावशीचा आवाज आला. त्यात राग नव्हता.

"हो."

"का गं?"

"मणी खाली सांडतात. तूच म्हणतेस ना, बाळाच्या हाती लागू देऊ नका. वर ठेवले तर ती उभी राहून घेते. इथे तिला दिसत नाहीत."

मावशीचे पाय हलायला लागले. ती हसत होती की रडत होती, ते वरून कळेना.

संध्याकाळी चिंगीची आई आली. मावशीने काही समजावत न बसता तिला टेबलाखाली बोलावलं. पांढऱ्या कपड्यांतली ती बाईसुद्धा जमिनीवर पडली आणि वर बघत राहिली. बाहेर आल्यावर तिने मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. मग मावशीला म्हणाली, "तरी मी अधूनमधून येऊन बघणार."

"बघा की," मावशी म्हणाली. "पण आत येऊन बघा. खिडकीतून निम्मं दिसतं."

ताईसमोर मावशी मुद्दाम सगळ्यांदेखत बोलली. "तुझे खिसे तपासले ते चुकलं माझं." ताईने "बरं" एवढंच म्हटलं आणि अभ्यास पुढे चालू ठेवला. ती एका दिवसात विरघळणारी नव्हती. आठवडा गेला असेल, तेव्हा जुळ्यांना कागद नीट कापता येईना म्हणून ती उठली, त्यांच्या हातून कात्री घेतली आणि म्हणाली, "असं धरतात, गाढवांनो." मावशीने तिकडे न बघितल्यासारखं केलं.

टेबल खरवडून पुसलं गेलं. मणी घरातून गेले. चिंगी मोठी होईपर्यंत परत येणार नाहीत. आता माझ्यात कापडाचे मोठे तुकडे आणि मुठीत न मावणारी लाकडी रिळं असतात आणि मी खालीच, मुलांच्या हातापाशी असतो. कधी मी आठवडाभर कोपऱ्यात पडून राहतो. कधी जुळे मला ढोल समजून बडवतात.

मित्रांनो, मी संशय सोडलेला नाही आणि तुम्हीही सोडू नका. लहान बाळ असलेल्या घरात तो हवाच. पण संशय आला की त्याचं उत्तर माणसांच्या खिशात शोधू नका. आधी गुडघे टेका, बाळाच्या उंचीवर या आणि तिथून खोली बघा. आणि एक विनंती. माझ्या कडेचा पत्रा हल्ली थोडा उचकटला आहे. मुलांच्या हाती मला देण्याआधी रोज त्यावरून एकदा आपलं बोट फिरवून बघत जा. मी सांगतोय म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका.