उरलेल्या एकोणीस ओव्या

आमच्या भुऱ्या कुत्र्याच्या कानांवरचे केस आधी गेले, मग कोपरांचे. कातडी जाड, पांढुरकी पडली. बिचारा दिवसभर खाजवायचा, नाहीतर गोठ्याच्या भिंतीला अंग घासायचा. लूत लागली होती. तेल्हाऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊ या, असं मी यजमानांना दोनदा म्हटलं. पण कपाशीवर फवारणी चालू होती, त्यांना सवड नव्हती.

माझा एक नेम आहे. आंघोळीपासून पोथीचा अध्याय संपेपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. अकरा वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

त्या सकाळी मी पोथीसमोर बसले होते. दारातून अंगण दिसत होतं. यजमानांनी फवारणीची बाटली आणली, झाकणभर औषध बादलीत ओतलं आणि काडीनं ढवळलं. मग भुऱ्याला ओढून जवळ घेतलं.

मी जोरजोरात हात हलवला.

"अवं, कपाशीवरच्या अळ्या मरतात, मंग हे लुतीचे बारके किडे काहून नाही मरनार?" ते हसले. "वाच तू. देव वाट पाहून राहिला."

एकोणीस ओव्या उरल्या होत्या. मी मनाला समजावलं, जन्मभर शेती केलेला माणूस, त्यांना प्रमाण कळत असेल. खरं म्हणजे मला नेम मोडण्याची भीती वाटत होती, आणि ती भुऱ्यासाठी वाटणाऱ्या भीतीपेक्षा मोठी निघाली. ओठांनी ओव्या चालू ठेवल्या. ते जुन्या फडक्यानं त्याचं सगळं अंग चोळत होते. भुऱ्या सुटला, उन्हात बसला आणि ओलं अंग चाटू लागला. मी आणखी भरभर वाचू लागले.

अध्याय संपवून बाहेर आले, तेव्हा त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मागचे पाय थरथरत होते. उठायला गेला आणि तिथंच कोलमडला.

"ताक पाजू काय त्याले?" यजमानांनी विचारलं.

"काही पाजू नका. दवाखान्यात फोन लावा."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, हाताला पिशव्या बांधा, साबणानं भरपूर पाण्यात धुवा, बाटली घेऊन लगेच या. मी धुतलं. साबणाच्या फेसाखाली त्याचं अंग आपोआप उडत होतं, जणू आत कोणी बोटं टोचतंय. मग ओल्या भुऱ्याला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि गावातल्या ऑटोत मांडीवर घेऊन बसले. रस्ताभर माझा हात त्याच्या छातीवर होता. मधेच श्वास थांबल्यासारखा वाटे आणि माझाही थांबे.

बाईंनी बाटली पाहिली, त्याची पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"किती वेळ झाला लावून?"

"आत्ताच लावलं, मॅडम," यजमान म्हणाले.

घाबरले होते, म्हणून खोटं बोलले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"दीड तास झाला," मी म्हटलं. "पाव तास तर अंगावर तसंच होतं. चाटतही होता. मी पाहत होते."

त्यांनी सुई भरली, टोचली आणि घड्याळाकडे पाहत बसल्या. थोड्या वेळानं परत टोचली. यजमानांना म्हणाल्या, "तुम्ही पण हात साबणानं धुऊन या, आधी." मग मला म्हणाल्या, "लुतीचं नंतर पाहू. त्याची इंजेक्शनं वेगळी असतात, आठवड्याला एक, आणि त्याचं झोपायचं पोतं जाळून टाका. पण आधी हा संध्याकाळ काढू दे."

आम्ही दोघं फरशीवर बसलो. लाळ कमी झाली होती. पाय अजून उडत होते.

"एक शब्द बोलली असती तं," यजमान हळूच म्हणाले. रागानं नव्हे.

भुऱ्याचा पंजा हातात धरून मी मोजत होते, एका झटक्यापासून दुसऱ्यापर्यंत किती आकडे होतात. मघाशी चार होत होते. आता सात झाले. पुढचा आकडा पुन्हा कमी येईल अशी भीती वाटत होती, तरी मोजत होते.