माझ्या थरथरीनं निसटलेला बोल्ट

मी एका सिलिंडरचं इंजिन बोलतोय. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, नव्या गाडीच्या उघड्या सांगाड्यात मला कालच बसवलंय. अंगात अजून ऑइल भरलेलं नाही, प्लगच्या भोकात चिंधी कोंबलेली आहे. इतके दिवस गप्प राहिलो, कारण मला तोंड नाही, असं सांगून सुटता आलं असतं. पण खरं कारण लाज हे आहे. माझ्यामुळे एका पोरीच्या माथी दोष बसला आणि मी नुसता पाहत राहिलो.

जन्मानं मी मोटारसायकलचा. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोदामवाल्याच्या पोरानं, पिंटूनं, मला नवंकोरं घरी नेलं, आईच्या हातून हार घालून घेतला आणि आठव्या महिन्यात अमरावती रोडवर उभ्या ट्रकला मागून ठोकलं. त्याच्या गळ्याचं हाड मोडलं, गाडीची चौकट वाकली, मला साधा ओरखडाही आला नाही. "हे माह्या डोळ्यासमोर नको," म्हणाली त्याची आई. तेव्हाही मला असंच अपराधी वाटलं होतं. मग कॉलेजची पोरं मला घेऊन आली. ही पोरं स्वतःच्या हातानं छोटी रेसची गाडी बनवतात आणि देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत ती पळवतात.

वर्कशॉपमध्ये माझं स्वागत भांडणानं झालं. टीमचा कॅप्टन धम्मानंद, गाडीही तोच चालवणार. त्याला चार सिलिंडरचं इंजिन हवं होतं. माझ्या बाजूनं एकटी उत्तरा उभी राहिली. तिसऱ्या वर्षाची, पारशिवनीकडची, बोटांना सदा ग्रीस लागलेलं.

"चार सिलिंडर कसं मऊ चालते, पाह्यलं नाही का तू?" धम्मानंद म्हणाला.

"आन् बिघडलं का आपण चार दिवस त्याच्या तोंडाकडे पाहत बसू. हे हलकं आहे, आपल्याले समजते, आपल्या हातानं खोलता येते."

"थरथरते किती पण हे!"

"थरथरू दे. थरथर मी पाहीन."

चार सिलिंडरवाल्यांचं बरं असतं. एक पिस्टन खाली गेला की दुसरा वर येतो, एकाचा धक्का दुसरा झेलतो. माझा पिस्टन एकटा. तोल सांभाळायला पोटात एक दांडा दिलेला आहे, पण तो बिचारा कुठवर पुरणार? त्यात स्पर्धेचा नियम म्हणून माझ्या नाकात अरुंद नळी बसवली, म्हणजे दम लागला तरी तोंड भरून हवा घ्यायची सोय नाही. मी सुरू झालो की सगळी गाडी शहारायची आणि बोल्ट हळूहळू सैल व्हायचे.

उत्तरानं त्यावर उपाय काढला. लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक नटावरून सांगाड्यापर्यंत एक बारीक रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटलेली दिसणार. पोरं चिडवायची, "काय वं, झाला का इंजिनाचा मेकअप?" ती म्हणायची, "तुह्यापेक्षा तेच बरं दिसून राह्यलं." पण गाडी एकदा पळाली की प्रत्येक रेघ पाहिल्याशिवाय ती घरी जात नसे. नुसती पाहत नसे, रेघ जुळलेली असली तरी प्रत्येक नटाला पाना लावून बघे.

वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवणारे देवराव काका हे सगळं दुरून पाहायचे. एकतीस वर्षं त्यांनी त्या लेथवर काढली. दर दसऱ्याला ते लेथ पुसून लख्ख करतात, तिच्यावर कुंकवाची उभी रेघ ओढतात आणि रेघेच्या डोक्यावर एक गोल टिकली देतात. माझ्यावरच्या लाल रेघा पाहून त्यांना वाटलं, पोरीनं इंजिनाला कुंकू लावलंय. त्यांना फार आवडलं ते. कुणी त्यांना खरं सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. हिंगण्यात कारखाने बंद, रस्ते मोकळे. तिथं पोरांनी मला दोन तास पिटाळलं. परतताना मला कळलं, माझ्या मागच्या डाव्या बोल्टाचा नट पाव फेरा फिरलाय. आपल्याला धरून ठेवणारी पकड ढिली झाली तर ती आपल्याला कळणारच. मी काळजी केली नाही. सामान बांधायच्या गडबडीत उत्तरानं त्या दिवसाची तपासणी शर्यतीच्या सकाळी करायचं ठरवलं होतं; तेव्हा ती पाहील, असं म्हणून निवांत झालो.

सकाळी ट्रक यायच्या आधी देवराव काका आले. गाडी स्पर्धेला चालली, स्वच्छ दिसायला हवी, म्हणून त्यांनी थिनरच्या फडक्यानं मला चोळूनमोळून पुसलं. ग्रीस गेलं आणि रेघाही गेल्या.

"अरे बापा!" काका घाबरले. "पोरीनं लावलेलं कुंकू पुसलं ना म्या!"

त्यांनी उत्तराच्या पेटीतून बाटली काढली, चष्मा नाकावर ओढला आणि एकूण एक रेघ पुन्हा काढली. इतक्या मायेनं मला कधी कुणी हात लावला नव्हता. फिरलेल्या नटावरही त्यांनी सरळ, जुळलेली रेघ काढली. मला ओरडावंसं वाटलं. पण मला आवाज द्यायचा तर आधी कुणीतरी मला चालू करावं लागतं.

स्पर्धेचे आधीचे दिवस तपासण्यांतच गेले, गाडी पळालीच नाही; शेवटच्या दिवशी सगळ्यात लांब शर्यत होती. त्या सकाळी पंचांनी ब्रेकची तपासणी दुसऱ्यांदा करायला लावली आणि वेळ संपत आला. उत्तरा टॉर्च घेऊन माझ्यावर वाकली. सगळ्या रेघा जुळलेल्या. पाना तिच्या हातात होता, पण तो तिनं त्या एकाच दिवशी लावला नाही.

दोन फेऱ्या उरल्या असताना बोल्ट गळून पडला. मी एका अंगाला कललो, चेन उतरली आणि धम्मानंदनं हात वर केला. शर्यत अपुरी राहिली की गुण शून्य.

गाडी ढकलत तंबूत आणली. बोल्टाची रिकामी जागा पाहून धम्मानंद एवढंच म्हणाला, "थरथर तू पाहणार होती ना?"

उत्तरा खाली बसली. तिनं बाकीच्या रेघा पाहिल्या. प्रत्येक रेघेच्या डोक्यावर गोल टिकली होती. तिचं बोट एका टिकलीवर थांबलं. मग ती उठली.

"माही चूक आहे," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी कॅप्टन तीच होणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. आता तिचं नाव कुणी घेईना. मला गाडीतून काढून लोखंडी स्टँडवर, म्हणजे घोडीवर, चढवलं आणि खिडकीखाली ढकललं. नवा कॅप्टन आणि चार सिलिंडरचं इंजिन, दोन्ही निवडायला सोमवारी मीटिंग ठरली.

सोमवारी दुपारी धम्मानंद नव्या पोरांना माझ्याजवळ उभं करून समजावत होता, "रेघ तुटली म्हणजे नट फिरला. उत्तरानं ते पाह्यलंच नाही." पलीकडे लेथ चालू होती. ती बंद झाली.

पोरं मीटिंगला गेली. देवराव काका माझ्याजवळ येऊन बसले. तेवढ्यात वही न्यायला उत्तरा आली.

"पोरी, त्या रेघा म्या काढल्या होत्या वं. मले वाटलं, कुंकू आहे."

"मले त्याच दिवशी समजलं, काका. टिकली पाहून."

"मंग काहून नाही बोलली?"

"म्या पाना लावला असता तर नट सैल आहे हे समजलंच असतं. आन् तुमचे नोकरीचे वीस दिवस राह्यले. एकतीस वर्षांत कोनाचं काही बिघडवलं नाही तुम्ही. शेवटी हे कायले लागावं तुमच्या नावाले?"

"आन् तुह्या नावाले लागलं तर मले घरी झोप येईन का?"

काका तसेच, ग्रीसच्या हातांनी मीटिंगला निघाले. "काका, थांबा ना!" म्हणत उत्तरा मागे धावली. दोघं मीच चुकलो, मीच चुकले म्हणत दाराबाहेर गेली. आणि ज्याच्या थरथरीनं नट फिरला, ज्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं, तो मी घोडीवर बसून राहिलो. इतकं लहान मला पिंटूच्या आईसमोरही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धम्मानंद नव्या नटांचं पाकीट घेऊन आला. माफी मागायला त्याला जमलं नाही. पाकीट उत्तराच्या हातात देऊन म्हणाला, "घ्या, कॅप्टन. इंजिन हेच राहू दे."

काल देवराव काकांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. मला नव्या सांगाड्यात बसवल्यावर मागचा डावा बोल्ट आवळायचा मान त्यांना दिला. त्यांनी आधी पाना लावला, मग परत लावून पाहिला, मग रेघ ओढली. टिकली दिली नाही. बाटलीचं झाकण लावू लागले.

पोरांनो, मी पुन्हा सुरू होईन तेव्हा पुन्हा थरथरणार. माझी माफी खरी आहे, पण माझा स्वभाव बदलणार नाही. म्हणून रेघेवर विसंबू नका, घाई असली तरी पाना लावा.

उत्तरानं काकांच्या हातून बाटली घेतली, वाकली, आणि त्या रेघेच्या डोक्यावर तिनं स्वतः एक गोल टिकली काढली.