उंबरठ्यातलं शेवाळ

शेवाळाचा विषय विद्यापीठात राहिला. सुधारणा समितीत हात वर झाले, टाळ्या पडल्या, अध्यक्षबाई "अभिनंदन हं, सर" असंही म्हणाल्या.

इतिवृत्तानुसार मात्र असं काहीही झालेलं नाही. कारण तेवढ्यात कायदेवाल्या प्राध्यापकांनी घसा खाकरला. "ज्याचा विषय, त्याने चर्चेला बाहेर थांबायचं असतं. सर आतच होते. निर्णय रद्द."

शेवाळवाले सर उठून दाराकडे निघाले. विषय गेला की नोकरीही जाणार होती. शेवाळ शिकवणारे ते एकटेच.

"थांबा!" कायदेवाले म्हणाले. "तुम्ही बाहेर गेलात तर गणसंख्या मोडते. सभाच रद्द."

"मग मी जाऊ कुठे? इकडे आड, तिकडे विहीर!"

"मध्ये जा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

सुधारणा समितीने सरांना उंबरठ्यात उभं केलं. डावा पाय आत, गणसंख्येसाठी. उजवा बाहेर, निःपक्षपातीपणासाठी. दार त्यांच्याच पाठीला टेकवलं.

"तर, कुठलं ज्ञान ठेवायचं?" बाईंनी सुरुवात केली. "शेवाळाला मुळं असतात का हो?"



"नसतात," सर दारातून म्हणाले. "ते नुसतं धरून राहतं."

"सर, तोंड बाहेर आहे तुमचं," कायदेवाले म्हणाले. "आम्हाला ऐकू आलेलं नाही. तज्ज्ञ मिळेपर्यंत सभा चालू राहील."

"आणि तज्ज्ञ कुठाय?"

"तेही ऐकू आलं नाही."

चहा आला. सरांचा कप आतल्या हातात देण्यात आला. तोंड बाहेर असल्याने तो तिथेच निवला.

बायकोचा फोन आला. "अहो, अडकलात कुठे?"

"दारात."

"मग या की आत! पानं वाढलीत."

"आपल्या दारात नाही गं."

वरच्या एसीचं पाणी सरांच्या डाव्या बुटावर ठिबकत होतं. ओल, सावली आणि जागची न हलणारी वस्तू. शेवाळाला आणखी काय हवं? बुटाच्या टोकावर हिरवी झाक धरली होती. सरांचा ऊर भरून आला. सांगायची सोय नव्हती.

त्यांनी दारावरच कागद टेकवून अर्ज लिहिला आणि आतल्या हाताने पुढे केला:

'मा. अध्यक्ष, सुधारणा समिती यांस. निर्णय होईपर्यंत माझा डावा पाय समितीने ठेवून घ्यावा व उर्वरित मला घरी जेवायला जाण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.'