चौथी ओळ

निसर्गाच्या कोपापुढे मनुष्य हतबल असतो. जंगल राखणाऱ्या भैयालाल नाकेदारानं आगीच्या अहवालाच्या चौथ्या ओळीत हे वाक्य लागोपाठ तीन उन्हाळे लिहिलं होतं, आणि कारणाच्या रकान्यात ‘वीज’. तिन्ही वेळा आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. या वर्षी वीज खरोखर पडली, आणि पंचाईत झाली.

तिरोडीच्या अलीकडच्या जंगलात तो काठीनं गरम राख उकरत होता. टोपी काढत होता, पुन्हा घालत होता. वर रस्त्यावर डिप्टी रेंजर प्रेमलाल जीपला टेकून उभे होते.

“पाच हेक्टर तरी गेलं असन,” ते तिथूनच ओरडले. “आन सुन, या साली बिजली-विजली नाही चालनार. वरून हुकूम हाय. मानसाचं नाव लिही. मोहं वेचनारे पाचोळा जाळतेत, हे कोनाले माहीत नाही?”

मोहाची फुलं वेचणारी सीताबाई टोपली घेऊन दहा पावलांवरच उभी होती. नाव लिहिलं की केस, आणि केस झाली की जंगलात पाय ठेवायची बंदी. टोपली तिनं या हातातून त्या हातात घेतली.

“नाकेदार, मंगळवारी फोन केलता ना तुमाले? वीज पडली, साजाच्या झाडातून धूर निघून राह्यला म्हनून?”

“हौ.”

“तुमी काय म्हनले?”

भैयालालनं पुन्हा टोपी काढली. “विझन म्हनलो.”

ती पुढे झाली, तो तिच्या मागोमाग. साजाच्या खोडावर शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एक चीर वळत वळत उतरली होती, साल दूर फेकली गेली होती. मंगळवारी नुसताच गडगडाट झाला होता. पावसाचा थेंब नव्हता. खोडाच्या पोकळीतलं सुकं लाकूड तीन दिवस आतल्या आत धुमसलं. शुक्रवारी वारा सुटला आणि निखारे पाचोळ्यात पडले. पोकळीत अजूनही लाल दिसत होतं.

भैयालाल तिथंच बसला आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागला. मंगळवारी झाडावर वीज पडली. सीताबाईंनी त्याच दुपारी कळवलं. मी वारासिवनीला मेहुणीच्या लग्नात होतो, आलो नाही. चौथी ओळ त्यानं गाळली.

प्रेमलालनी कागद दोनदा वाचला.

“छुट्टी कोनं देलती?”

“कोनीच नाही.”

“आन हे तू सोता लिहून देऊन राह्यला?”

“हौ साहेब.”

“पागल झाला का बे?”

सीताबाई भैयालालकडे बघत होती. प्रेमलालनी कागदाची घडी करून खिशात घातली, मोबाइलवर जीपीएस लावलं आणि जळालेल्या भागाच्या कडेकडेनं मोजणी करत चालू लागले. वीस मिनिटांनी घाम पुसत आले. फोन दोघांपुढे धरला. शून्य पूर्णांक ब्याऐंशी हेक्टर.

“मंग आता माह्या नावाचं?” सीताबाईनं विचारलं.

“मंग काय? जाय, मोहं वेच.”

जीप निघून गेली. कागद प्रेमलालच्या खिशातच गेला.

एक हेक्टरच्या आतल्या आगीचं कारण त्या रेंजमध्ये लिहीत नसत.